नवी संगणक प्रणाली : पूर्वतयारी आणि मदतव्यवस्था



संस्थेच्या जळगाव येथील मुख्य रुग्णालयात व धुळे येथील शाखेत नवी एकात्मिक संगणक प्रणाली बसविण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे. मान्यतेपूर्वीच्या चर्चेत संगणकांच्या किमतीविषयी फारसे कोणी विचारले नाही. विचारणा झाली ती अंदाजपत्रकातील त्याखालच्या ओळीविषयी. 'प्रशिक्षण, संक्रमणकाळ व मदतव्यवस्था' या शीर्षाखालची तरतूद यंत्रसामग्रीच्या तरतुदीच्या जवळ जाणारी होती. संगणक आल्यावर माणसांचे काम कमी व्हावे, मग माणसांवरचा खर्च वाढतो कसा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे सविस्तर उत्तर देण्यासाठी प्रस्तुत टिपण लिहिले आहे.

प्रणाली कशासाठी

रुग्णास घरी सोडण्याचा निर्णय डॉक्टर सकाळच्या फेरीतच देतात. अंतिम देयक हाती पडेपर्यंत मात्र दुपार उलटते. यात कोणाचा आळस नाही. खाटभाड्याची नोंद वॉर्डातून येते, औषधांच्या चिठ्ठ्या औषधालयातून, तपासण्यांचे आकार प्रयोगशाळा व क्ष-किरण विभागातून आणि वापरलेल्या साहित्याची यादी शस्त्रक्रियागृहातून. एक वही उशिरा आली की बाकीच्या तिच्यासाठी थांबतात. परत केलेल्या औषधांची वजावट हा त्यावर आणखी एक फेरा. रुग्ण जळगाव वा धुळे शहरातला असेल तर हा केवळ मनस्ताप ठरतो. रावेर, चोपडा किंवा शिरपूर तालुक्याच्या आतल्या गावचा असेल तर गावाकडची शेवटची एस.टी. निघून जाते आणि बऱ्या झालेल्या माणसाला नातेवाइकांसह आणखी एक रात्र व्हरांड्यात काढावी लागते.

दुसरे कारण आपल्या धर्मादाय स्वरूपाशी निगडित आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना सप्टेंबर २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात, तसेच इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात वेगळी जमा करायची असते. निधीचा हिशेब महिनाअखेरीस मांडला तरी चालतो. पण निर्धन रुग्ण महिनाअखेर पाहून येत नाही. राखीव खाटांपैकी या क्षणी कोणती मोकळी आहे, याचे उत्तर रात्री अकरा वाजता खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यापाशी हवे. ते मुख्य लिपिकांच्या कपाटातील वहीत असेल आणि कपाटाला कुलूप असेल, तर योजना कागदावर पाळली जाते आणि रुग्णाच्या हाती काही पडत नाही.

तिसरी गरज शासनाच्या आरोग्य योजनांची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे जिल्हा होता. जळगावसह उर्वरित जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पूर्वमंजुरीपासून देयकापर्यंत तिचे सर्व काम आरंभापासून ऑनलाइन चालत आले. तीत रुग्णाच्या नावातील एका अक्षराचा फरकही प्रकरण अडवू शकतो. देणगीदारांच्या बाबतीतही २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीनिहाय विवरण प्राप्तिकर खात्याकडे ऑनलाइन भरून त्यातूनच प्रमाणपत्र काढण्याची पद्धत आली. पावती पुस्तकावरील अस्पष्ट नावाची किंमत तेव्हापासून सर्वांनाच कळू लागली आहे.

आरंभीची शिल्लक

नवी वही सुरू करताना जुन्या वहीतील शिल्लक पुढे ओढावी लागते, आणि ती चुकली तर वर्षभराचा ताळा बसत नाही, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. रुग्णालयाच्या प्रणालीत 'आरंभीची शिल्लक' रुपयांपुरती नसते. रुग्णांची नावे, सेवांचे दरपत्रक, औषधांची यादी, प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक व मुदत, खाटांची मांडणी, डॉक्टरांचे विभाग हे सारे पुढे न्यावे लागते. या कामाला पुरवठादार मंडळी फार कमी दिवस धरतात, असा माझा अनुभव आहे. आम्ही त्यास सर्वाधिक अवधी ठेवला आहे.

नावांचाच विषय घेऊ. खानदेशात एकाच खिडकीवर मराठी, अहिराणी, पावरी, हिंदी आणि उर्दू बोलणारे रुग्ण उभे असतात. 'पावरा' हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. शिधापत्रिकेवर एक, आधार कार्डावर दुसरे. विवाहितेच्या कागदांवर काही ठिकाणी माहेरचे नाव असते, काही ठिकाणी सासरचे. पुस्तकांत असे सांगितलेले असते की सारख्या नावाच्या दोन रुग्णांतील भेद जन्मतारखेवरून ओळखावा. परंतु एक जून ही तर आपल्याकडे शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींच्या कृपेने एका अख्ख्या पिढीची सामाईक जन्मतारीख आहे! तेव्हा नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, गाव व तालुका आणि एक दूरध्वनी क्रमांक असे चार दुवे जुळल्यावरच जुनी व नवी नोंद एक मानावी, असा नियम केला आहे. शंका असल्यास दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी राहिल्या तर गैरसोय होते. दोन रुग्णांची एक नोंद झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर जातो.

जुन्या नोंदींची आणखी एक अडचण आहे. अनेक वर्षांची माहिती ज्या मराठी फाँटांत टंकलिखित झाली, ते युनिकोडपूर्व काळातील आहेत. त्यांतील मजकूर नव्या संगणकावर उघडला तर अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत त्या अडखळतात. म्हणून रूपांतरित नावे माणसांनी वाचून पाहण्याला पर्याय नाही.

या वाचनाची पद्धत आम्ही महसूल खात्याकडून उचलली आहे. राज्यातील सातबारा उतारे संगणकावर घेतल्यानंतर हस्तलिखित उतारा आणि संगणकीय उतारा यांत तफावती आढळू लागल्या. तेव्हा २०१७ साली गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील उतारा खातेदारांसमोर वाचायचा आणि त्यात चूक असेल तर ती ज्याची जमीन त्यानेच दाखवून द्यायची. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्यामागे या वाचनाचे आणि तलाठ्यांनी केलेल्या दुरुस्त्यांचे मोठे श्रम होते. आपल्या रुग्णालयातही प्रत्येक विभागाची यादी त्या विभागातच मोठ्याने वाचली जाईल. दरपत्रक देयक विभागासमोर, औषधांची यादी औषधनिर्मात्यांसमोर, शस्त्रक्रियागृहातील साहित्य तेथील परिचारिकांसमोर. वाचनानंतर विभागप्रमुखांची स्वाक्षरी होईल आणि मगच ती यादी प्रणालीत कायम होईल.

मुहूर्त कोणता

प्रारंभाचा दिवस ठरविणे ही वरवर किरकोळ दिसणारी बाब आहे. पण त्यावर आमच्या तीन बैठका झाल्या. लेखा विभागाला १ एप्रिल हवा होता, आणि हिशेबाच्या दृष्टीने तोच योग्य. परंतु मार्चअखेरीचा ताण आणि नवी प्रणाली एकाच माणसांच्या डोक्यावर देणे इष्ट नाही. पुढे अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, येते. तेव्हा लेकी माहेरी जातात आणि त्यांत आपल्या परिचारिकाही असतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. त्या दिवसांत वीज गेली तर सर्व्हरची खोली थंड ठेवणेच कठीण होते. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, जुलाब-उलट्या आणि सर्पदंश यांनी वॉर्ड भरलेले असतात. श्रावणात कानबाईचा उत्सव, त्यानंतर गणपती, मग दिवाळी. उरतो तो हिवाळा.

त्यामुळे काम दोन भागांत विभागले आहे. नोंदणी खिडकी, बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा व औषधालय संक्रांतीनंतर सुरू होतील. लेखा भाग १ एप्रिलपासून, कारण वर्षाच्या मधोमध शिल्लका उचलल्या तर लेखापरीक्षकांना दोन वह्या जोडून वाचाव्या लागतात. प्रारंभाचा वार मंगळवार ठेवला आहे. सोमवारची गर्दी ओसरलेली असते आणि पुरवठादाराचे अभियंते हाताशी असण्याचे चार दिवस पुढे उरतात. शनिवारी प्रणाली सुरू करून रविवारी दूरध्वनी उचलणारा कोणी नसावा, असे व्हायला नको.

प्रारंभ धुळ्याच्या शाखेत होईल. ती लहान आहे, आणि योजनांच्या ऑनलाइन कामाची तेथील कर्मचाऱ्यांस सवय अधिक जुनी आहे. तेथे काम स्थिरावले की धुळ्यातील काही परिचारिका व लिपिक जळगावला येऊन तेथील सहकाऱ्यांच्या शेजारी बसतील. बाहेरच्या प्रशिक्षकाला प्रणाली येते, पण रात्रपाळीत एका बाजूला सलाईन संपत आलेले आणि दुसऱ्या बाजूला नवा रुग्ण दाखल होत असताना नोंद केव्हा करायची, हे एक परिचारिकाच दुसरीला सांगू शकते.

जुनी व नवी पद्धत काही काळ समांतर चालवावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. तो आम्ही सरसकट स्वीकारलेला नाही. औषधालयात दोन्ही साठावह्या काही आठवडे चालतील, कारण साठा रोज मोजून ताळा घेता येतो. नोंदणी खिडकीवर दुहेरी लेखन केले तर रांग दुप्पट होईल, म्हणून तेथे ते नाही. प्रयोगशाळेत तर दुहेरी लेखन धोक्याचेच आहे. एका रुग्णाच्या रक्तातील साखरेचे दोन आकडे दोन ठिकाणी असू नयेत.

मदत कोण करणार

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रशिक्षण सभागृहात व्याख्यान देऊन होत नाही. परिचारिकेला लेखा विभागाचे पडदे दाखवून उपयोग नाही आणि महिनाभर आधी शिकविलेले प्रारंभाच्या दिवशी आठवत नाही. म्हणून प्रत्येकास स्वतःच्या कामापुरते, स्वतःच्या टेबलावर, प्रारंभाच्या आधीच्या दहा दिवसांत शिकविले जाईल. सरावासाठी काल्पनिक रुग्ण असलेली वेगळी प्रत राहील, तीत कितीही चुका झाल्या तरी कोणाचे बिघडत नाही. मात्र परिचारिका दोन तास सरावाला बसली की वॉर्डात तिच्या जागी दुसरी हवी. रुग्णसेवेतून माणूस काढून प्रशिक्षण द्यायचे नाही, हे विश्वस्त मंडळाने प्रथमच स्पष्ट केले होते. अंदाजपत्रकातील त्या ओळीचा मोठा भाग या बदली मनुष्यबळाचा आहे.

आमच्याकडील काही ज्येष्ठ लिपिकांचे अक्षर मोत्यासारखे आहे. वीस वर्षांपूर्वीचा केसपेपर कोणत्या फडताळात आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येते. कळफलकासमोर त्यांना नवशिक्यासारखे वाटते आणि तरुण सहकाऱ्यांसमोर विचारण्याचा संकोच होतो. त्यांच्यासाठी सायंकाळी वेगळी वेळ ठेवली आहे. याद्यांच्या वाचनाचे प्रमुखही तेच राहतील, कारण 'हे नाव चुकले आहे' असे छातीठोकपणे सांगणारे दुसरे कोणी नाही.

प्रारंभानंतरचे पहिले तीन आठवडे प्रत्येक मजल्यावर, तिन्ही पाळ्यांत, पिवळा पट्टा लावलेला एक मदतनीस असेल. तिन्ही पाळ्यांत, हे शब्द मी मुद्दाम लिहीत आहे. मदतकक्ष दिवसा चालवून रात्री बंद ठेवण्याची रीत कचेरीला शोभते; अपघाताचा रुग्ण पहाटे दोन वाजता येतो. मदतनिसाला जमले नाही तर रुग्णालयाचा संगणक विभाग आणि त्यालाही जमले नाही तर पुरवठादार, अशी चढती पायरी आहे. नोंदणी वा औषधवाटप अडले तर पुरवठादाराने अर्ध्या तासात काम हाती घ्यायचे आणि अहवालाचा नमुना बदलण्यासारख्या गोष्टींना आठवडा लागला तरी चालेल, असे करारात लिहून घेतले आहे.

प्रत्येक विभागात एक 'अडचण वही' राहील. अडचण किरकोळ असली तरी लिहायची, कारण तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. रोज सायंकाळी या नोंदी तीन गटांत वाटल्या जातील : शिकविण्यात राहिलेली उणीव, याद्यांतील चूक आणि प्रणालीतील दोष. एकच प्रश्न पाच परिचारिकांनी लिहिला असेल, तर दोष परिचारिकांचा नसून पडद्याच्या मांडणीचा आहे असे धरायचे. अडचण सुटली असे अभियंत्याने म्हणून भागणार नाही. जिने ती लिहिली तिची सही पडल्यावरच नोंद बंद होईल.

परवलीच्या शब्दाविषयीही दोन शब्द. वॉर्डातील सर्वांनी एकाच नावाने प्रणाली उघडायची आणि परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली ठेवायचा, ही सवय सगळीकडे दिसते. तसे केले तर रात्रीचे औषध कोणी दिले याची नोंद निरर्थक होते आणि निरपराध कर्मचाऱ्यावर ठपका येऊ शकतो. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता तर वेगळीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती केवळ नीतीची बाब राहिलेली नाही.

बंद पडली तर

बंद पडणार नाही अशी प्रणाली नसते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील बरेच काम हाताने करावे लागले. त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणक प्रणाली, शासन आणि कंत्राटदार यांच्यातील वादातून, थांबली. डॉक्टरांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले आणि जुन्या नोंदी हव्या तेव्हा मिळेनाशा झाल्या. पुढे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या ई-हॉस्पिटल प्रणालीकडे वळण्यात आले.

पहिल्या घटनेवरून आम्ही असे ठरविले आहे की दररोजच्या नोंदींची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेल्या साधनावर राहील आणि जळगावची प्रत धुळ्याला, धुळ्याची जळगावला ठेवली जाईल. प्रत नुसती काढून भागत नाही, म्हणून दर तिमाहीस ती उघडून पाहिली जाईल. छापील केसपेपर, औषधचिठ्ठ्या व तपासणी पत्रके यांचा गठ्ठा प्रत्येक वॉर्डात मोहोरबंद राहील आणि महिन्यातून एकदा तासभर प्रणाली मुद्दाम बंद ठेवून कागदावर काम करण्याचा सराव होईल. दुसऱ्या घटनेवरून करारात एक कलम वाढविले. रुग्णांची सर्व माहिती संस्थेच्या मालकीची राहील आणि करार कोणत्याही कारणाने संपला, अगदी देयकावरून वाद झाला तरी, ती दुसऱ्या प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात संस्थेला मिळेल. या कलमासाठी किमतीत थोडी सूट सोडावी लागली. विश्वस्त मंडळाने ती आनंदाने सोडली.

देणगीदारांना एक विनंती करावीशी वाटते. डायलिसिसच्या यंत्रावर वा खाटेवर दात्याचे नाव लिहिता येते. रात्रपाळीच्या मदतनिसावर ते लिहिता येत नाही, म्हणून या खर्चासाठी देणगी मिळणे अवघड जाते. ज्यांना असा अदृश्य खर्च उचलणे मान्य असेल, त्यांनी 'संक्रमण निधी' असा उल्लेख करून देणगी द्यावी. तिचा हिशेब पुढील अहवालात स्वतंत्र दिला जाईल.

रुग्णांच्या आप्तजनांसाठी

प्रारंभानंतरच्या काही आठवड्यांत नोंदणी खिडकीवर नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ लागेल. नोंद झाल्यावर मिळणारी चिठ्ठी तेथेच वाचून, किंवा वाचवून घेऊन, नाव, गाव व वय बरोबर असल्याची खात्री करावी. नाव आधार कार्डाशी व शिधापत्रिकेशी जुळत नसेल तर तसे सांगावे. खिडकीशेजारच्या मदतकक्षात अहिराणी व पावरी समजणारे कर्मचारी बसतील. १४ अंकी 'आभा' क्रमांक असल्यास तो नोंदवता येईल. तो ऐच्छिक आहे आणि नसल्यास उपचारांत कोणताही फरक पडणार नाही. उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास त्या ७२ तासांत देण्याचा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम पूर्वीप्रमाणेच पाळला जाईल. जुने केसपेपर संस्था नष्ट करणार नाही. तरीही पहिल्या भेटीस येताना आपल्याजवळचा जुना केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या व डिस्चार्ज कार्ड अवश्य सोबत आणावे. नव्या नोंदीला जुनी नोंद जोडण्याचे काम त्यावरूनच होणार आहे.